सहाव्या लेनवरचा हात

ताश्कंदच्या तलावावर, सहाव्या लेनच्या टोकाला पंच म्हणून उभा असताना मी हात वर केला. तो वर करायला नको होता.

एवढं सांगून थांबलो असतो तर बरं, पण परत आल्यापासून ही गोष्ट मी इतक्या जणांना इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे की आता एकदा नीट लिहून टाकलेली चांगली. सिडकोतल्या आमच्या गल्लीत असा समज आहे की मी कुणावर तरी हात उचलला. शाळेच्या स्टाफरूममध्ये बातमी आहे की मी परदेशात जाऊन पाण्यात पडलो. दोन्ही खोटं आहे. खरं त्याहून साधं आहे, म्हणून जास्त लाजिरवाणं आहे.

आधी मी तिथं कसा, ते सांगतो. मी शाळेत खेळाचा शिक्षक आहे आणि बावीस वर्षं पोहण्याच्या स्पर्धांमध्ये पंचाचं काम करतो. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं त्या शहरात मी पोहण्याचा पंच आहे, याची मला कल्पना आहे. त्यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत, नवीन असेल तर कळवा. मला पोहायला शिकवलं ते माझ्या गावच्या, पाचोडच्या दगडूमामांनी, मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळला भोपळा बांधून. तिसऱ्या दिवशी त्यांनी भोपळा सोडला आणि न सांगता ढकललं. त्या विहिरीचा नियम एकच होता. पाण्यात हात वर दिसला की माणूस बुडतोय, उडी टाकायची. उगीच गंमत म्हणून कुणी हात वर केला तर काठावर आल्यावर मामा त्याच्या कानाखाली वाजवायचे. पोहण्यातलं माझं पहिलं शिक्षण हेच, आणि हेच मी विसरलो.

आशिया खंडातल्या सगळ्या जलक्रीडा जी संघटना सांभाळते, तिची वार्षिक सभा यंदा ताश्कंदला होती. सभेला जोडून पंचांचं प्रशिक्षण आणि त्याला जोडून वयोगटाच्या स्पर्धा, असा आठवडा. आमच्या शहरातून दोन नावं गेली होती: अनघाताई देशपांडे आणि मी. अनघाताई बँकेत अधिकारी आहेत, एके काळच्या राज्य पातळीवरच्या जलतरणपटू, आणि तोंडावर बोलणाऱ्या. या आठवड्यातलं काम पाहून खंडाच्या पंचांच्या यादीत नवी नावं घेणार होते. नव्या नावांना वयाची अट असते. पुढच्या वर्षी मी त्या अटीबाहेर जाणार होतो. म्हणजे जे व्हायचं ते यंदाच.

पहिला दिवस : नान पालथी ठेवू नये

विमानतळावर आम्हाला न्यायला रुस्तमअका आले होते. अका म्हणजे दादा. साठीचे, डोक्यावर चौकोनी टोपी, सोन्याचे दोन दात, छोटी बस चालवायची आणि आठवडाभर आम्हा पंचांची ने-आण करायची हे त्यांचं काम. त्यांनी मला पाहिलं आणि उजवा हात छातीवर ठेवून किंचित वाकले. मी हात पुढं केला होता, तो हवेत राहिला. मग मीही छातीवर हात ठेवला. तेव्हा त्यांनी हात पुढं केला. असं दोनदा झालं. अनघाताई म्हणाल्या, "तुमचं झालं की सामान चढवूया."

तिथं लांबून नमस्कार करायची हीच पद्धत आहे. छातीवर हात, मान थोडी खाली. चौकात पोलीस करतो, दुकानदार करतो, रस्ता ओलांडताना गाडी थांबली तर म्हातारी बाई करते. आपल्याकडं पाचोडच्या रस्त्याला उभं राहिलं की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जीपला हात वर करायचा असतो, ओळख असो वा नसो. आत बसलेलाही करतो. न करणाऱ्याला माज आलाय असं समजतात. हे इतकं लहानपणापासूनचं आहे की हात डोक्याला विचारत नाही.

दुपारी रुस्तमअकांनी बाजारात नेलं. डोळे मिटून ऐकलं तर आमच्या शहरातल्या शहागंजात असल्यासारखं वाटावं. बाजार, दरवाजा, मेवा, मेहमान, सगळे शब्द आपले, फक्त तोंड गोल करून म्हटलेले. गाजराच्या सळ्या आणि चरबी घातलेला पुलाव खाल्ला. आपल्या ताहरीचा श्रीमंत चुलत भाऊ. अनघाताई शाकाहारी, त्यांनी आठवडाभर टोमॅटो, खरबूज आणि घरून आणलेले धपाटे यांवर काढला, आणि माझ्या वाटणीचे धपाटेही त्यात संपले. नान मात्र दोघांनाही आवडली. गाडीच्या चाकाएवढी, मध्ये नक्षी दाबलेली. मी तोडायला सोपं जावं म्हणून ती पालथी ठेवली. रुस्तमअकांनी जेवताजेवता, काही न बोलता, हात लांब करून ती सुलटी केली. थोड्या वेळानं मी पुन्हा पालथी केली. त्यांनी पुन्हा सुलटी केली. तिसऱ्या वेळी त्यांनी नान उचलून स्वतःजवळच ठेवली.

"भाकरी पालथी ठेवली तर तुमच्या आईनं काय केलं असतं?" अनघाताईंनी विचारलं.

तेवढ्यात मला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं, म्हणून मी सांगितलं की आमच्या शहरात पाण्यावर चालणारी जुनी पाणचक्की आहे, आणि तिथं ज्या सूफी बाबांचा दर्गा आहे ते बुखाऱ्याकडून आले होते असं म्हणतात. हे इंग्रजी, उर्दू आणि हातवारे मिळून दहा मिनिटांत सांगून झालं. रुस्तमअकांनी चहाची वाटी खाली ठेवली. त्यांची आई बुखाऱ्याची निघाली. त्यांनी उठून मला मिठी मारली आणि त्या दिवसापासून बसमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा माझी झाली. माणूस पाहुणा आहे हे कळलं तर लोक खायला घालतात. नातेवाईक आहे हे कळलं तर काम पाहायला येतात. हे मला उशिरा समजलं.

दुसरा दिवस : तारखा

वर्षभर ही खंडाची संघटना करते तरी काय, असं परत आल्यावर मला बऱ्याच जणांनी विचारलं. मलाही आधी वाटायचं की पदकं वाटत असतील. सभेत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बसल्यावर कळलं की मुख्य काम तारखा ठरवण्याचं. पोहणं, सूर मारणं, वॉटरपोलो, कलात्मक जलतरण, समुद्रातलं लांब पल्ल्याचं पोहणं, प्रत्येकाचा प्रमुख उठतो, वर्षात काय झालं ते वाचतो आणि पुढच्या वर्षाचा आठवडा मागतो. सगळ्यांना एकच आठवडा हवा असतो, कारण सगळ्या देशांत पोरांच्या परीक्षा आपापल्या वेळी असतात आणि उरतो तो तेवढाच. कलात्मक जलतरणाच्या बाईंनी पाण्याखालच्या स्पीकरवर पाऊण तास भाषण केलं. संगीत पाण्याबाहेर वेगळं आणि आत वेगळं ऐकू आलं की आठ मुलींचे पाय आठ दिशांना जातात. वॉटरपोलोवाल्यांची तक्रार होती की त्यांना नेहमी शेवटी बोलावतात. त्यांना शेवटी बोलावलं होतं.

वाद झाले, पण प्रत्येक वाक्याच्या आधी "अत्यंत आदरपूर्वक" असं म्हणून. आमच्या ग्रामसभेत इतका मतभेद झाला असता तर दोन खुर्च्या मोडल्या असत्या आणि संध्याकाळी सगळे एकाच टपरीवर चहा प्यायले असते. इथं खुर्च्या शाबूत राहिल्या आणि जेवायला लोक वेगवेगळ्या टेबलांवर बसले.

मला मनापासून आवडला तो लहान देशांचा भाग. कुणी जुन्या लेनच्या दोऱ्या मागत होतं, कुणी दोन महिन्यांसाठी प्रशिक्षक, कुणी नुसतं घड्याळ. संघटना या गोष्टी एकाकडून घेऊन दुसऱ्याला देते. माझ्या शेजारी मंगोलियाचे प्रशिक्षक बातार बसले होते, रुंद खांद्यांचे, अंगानं दारात न मावणारे. मी त्यांना आमच्या नळाचं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडे पाणी भरपूर. सहा महिने त्यावरून गाडी चालवतो."

त्यांनी एकच मुलगी आणली होती. नाव सारनाई, वय पंधरा. दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक. ती पंचवीस मीटरच्या तलावात सराव करते, तोही पहाटे, कारण नंतर तो लोकांसाठी उघडतो. गेल्या वर्षी ती प्राथमिक फेरीत नववी आली होती, आणि अंतिम फेरीत आठच जातात.

"यंदा आठवी येईल," बातार म्हणाले.

"जिंकेल म्हणा की."

"नाही. आठवी." त्यांनी आठ बोटं दाखवली. "आठवी आली तर मला घरी आणखी दोन लेन मिळतील."

मी त्यांना शुभेच्छा दिल्या. अगदी खऱ्या.

तिसरा दिवस : तलाव

आता कामाचं थोडं सांगावं लागेल. पोहणाऱ्यानं भिंतीला नीट हात लावून वळण घेतलं का, हे पाहायला प्रत्येक लेनच्या टोकाला एक पंच असतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. चूक दिसली की पंच एक हात सरळ वर करतो. मग मुख्य पंच येऊन विचारतात, काय पाहिलं. ते चिठ्ठीवर लिहून सही करायची, आणि पोहणारा बाद. चूक दिसली नाही तर हात खाली. शंका असेल तरीही हात खाली, कारण शंकेचा फायदा पोहणाऱ्याला. बावीस वर्षांत मी हे शेकडो जणांना शिकवलं आहे. चांगलं शिकवतो असं म्हणतात.

मुख्य पंच होत्या मलेशियाच्या मिसेस लिम. बुटक्या, पांढरे केस, आणि बूट इतके पांढरे की माझे पैठण गेटवरून घेतलेले बूट त्यांच्यापुढं दुधाचा चहा दिसत होते. मला सहावी लेन दिली, अनघाताईंना सातवी. सारनाई सहाव्या लेनमध्ये.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक पंचाला पाहुण्यासाठी एक पास मिळाला होता. माझा पास मी रुस्तमअकांना दिला होता. तेच म्हणाले होते, भाऊ काम करताना पाहायचाय.

प्राथमिक फेरीतली शेवटची शर्यत सुरू झाली. पहिल्या पन्नासला सारनाई माझ्या टोकाला आली, दोन्ही हात स्वच्छ, पाटीवर ठेवल्यासारखे. सहावी-सातवी चालली होती. शंभरला ती पलीकडच्या टोकाला वळली. दीडशेला परत माझ्याकडं येत होती, तेव्हा समोरच्या प्रेक्षकांत कुणीतरी उभं राहिलं. चौकोनी टोपी, सोन्याचे दात. रुस्तमअकांनी छातीवर हात ठेवला आणि वाकले.

मीही छातीवर हात ठेवला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. दोन दिवस तेच तर करत होतो. पण पाणी, आरडाओरडा, लांबून दिसलेलं ओळखीचं माणूस, आणि माझा पाचोडचा हात. तो वर गेला. सरळ, कोपर न वाकवता, अगदी नियमाप्रमाणं.

खाली पाहिलं तेव्हा सारनाई वळून गेलेली होती.

मी हात खाली घेतला, पण तोपर्यंत मिसेस लिमनी पाहिला होता. शर्यत संपली. फलकावर सात जणींची वेळ आली, सहाव्या लेनपुढं नुसती रेघ. पलीकडं बातार कमरेवर हात ठेवून त्या रेघेकडं पाहत होते. मिसेस लिम चालत आल्या.

"दीडशेच्या वळणावर?"

"हो, म्हणजे..."

"एकच हात लागला?" त्यांनी मदत म्हणून विचारलं. आधीच्या शर्यतीत तीच चूक दोघींनी केली होती.

मला काय बोलावं सुचेना आणि माझी मान हलली. आपल्याकडं काही सुचलं नाही की हलते तशी, इकडून तिकडं. तिचा अर्थ आपल्यात पाच-सहा तरी होतात. मलेशियात एक झाला. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: सहावी लेन, दीडशे मीटर, एक हात. आणि सहीसाठी चिठ्ठी आणि पेन माझ्यापुढं धरलं.

खोटं कशाला बोलू, मी पेन घेतलं. मनात एवढंच आलं की सही केली तर कुणाला काही कळणार नाही. त्या टोकाला कॅमेरा नव्हता. सही नाही केली तर माझं नाव यादीत येणार नाही, आणि पुढचं वर्ष मला नाही. पोरगी पंधराची आहे, तिला अजून खूप वर्षं आहेत, असंही माझ्या मनानं सांगितलं. मन अशा वेळी फार हुशार होतं.

अनघाताई सातव्या लेनवरून हलल्या नव्हत्या. समोर पाण्याकडं पाहत, ओठ न हलवता म्हणाल्या, "सर, काय दिसलं तेवढंच लिहा."

"काहीच नाय दिसलं," मी म्हणालो. घाबरलो की माझी शहरातली मराठी जाते.

"मग तेवढंच लिहा."

मी मिसेस लिमचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: मी काही पाहिलं नाही. ओळखीच्या माणसाला नमस्कार केला. आणि सही केली. आयुष्यात इतकी सुवाच्य सही मी कधी केली नव्हती.

मिसेस लिमनी ते वाचलं. मग प्रेक्षकांकडं पाहिलं. रुस्तमअकांनी त्यांनाही छातीवर हात ठेवून नमस्कार केला.

"तुम्ही काही पाहिलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणजे तिनं काही केलं नाही." त्यांनी वायरलेसवर दोन शब्द सांगितले. फलकावरची रेघ गेली, वेळ आली. प्राथमिक फेरीतल्या सगळ्या शर्यती मिळून सारनाई आठवी. पलीकडं बातार खाली बाकावर बसले. बाक वाकलेलं मला एवढ्या लांबून दिसलं.

"खरं लिहिलंत म्हणून तुम्हाला घरी पाठवत नाही," मिसेस लिम म्हणाल्या. "हात वर केलात म्हणून लेनवर ठेवत नाही."

मला पंधराशे मीटरच्या शर्यतीची घंटा दिली. शेवटचे शंभर मीटर राहिले की पहिल्या पोहणाऱ्यासाठी ती वाजवायची. दोन दिवस मी घंटा वाजवली आणि एकदाही चुकलो नाही. शाळेतला अनुभव कुठं ना कुठं कामाला येतो.

संध्याकाळी मी सारनाईची माफी मागायला गेलो. ती केस पुसत उभी होती. बातार भाषांतर करत होते. मी म्हणालो, चूक तुझी नव्हती, मी तुझं वळण पाहिलंच नाही.

तिनं टॉवेल खाली घेतला. "पाहिलंच नाही?"

"नाही."

"ते माझं सगळ्यात चांगलं वळण होतं," ती म्हणाली.

बातारनी याचंही भाषांतर केलं. मग त्यांनी खिशातून एक पांढरा खडा काढून मला दिला. सुकवलेलं दही, त्यांच्याकडचा खाऊ. मी तो चावला आणि माझ्या दाढेतलं चांदीचं भरण निघालं. तेवढी शिक्षा हवीच होती.

अंतिम फेरीत सारनाई आठवी आली. बातार इतक्या जोरात ओरडले की जिंकलेल्या मुलीनंही वळून पाहिलं.

पाचोड

निघताना रुस्तमअकांनी मला एक नान दिली, कागदात गुंडाळून, सुलटी. माझ्या हाताचं काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. भाऊ छान काम करतो, सगळ्यांत आधी हात वर करतो, असं त्यांनी अनघाताईंना सांगितलं. अनघाताईंनी ते मला दिल्लीपर्यंत तीनदा सांगितलं.

महिन्याभरानं यादी आली. अनघाताईंचं नाव होतं. माझं नव्हतं. मी यादी खालून वरही वाचून पाहिली. मग अनघाताईंना पेढे दिले, त्यांनी ते घेतले.

एक फायदा झाला, हात सुधारला. आता कुणी लांबून दिसलं की तो वर जात नाही, आपोआप छातीवर येतो. गेल्या बाजाराच्या दिवशी पाचोडला गेलो, तर दगडूमामा मिरचीच्या ढिगापलीकडं उभे दिसले. ऐंशीच्या पुढं गेलेत, नजर अजून शाबूत. मी छातीवर हात ठेवून मान वाकवली. ते वाट काढत, होता होईल तेवढ्या घाईनं आले आणि माझा दंड धरला.

"काहून रे, छातीत दुखायलं का?"

"नाही मामा. नमस्कार केला."

"आसा?"

मग त्यांना लिंबाखाली बसवून सगळं सांगितलं. बस, नान, मुलगी, चिठ्ठी. त्यांनी मध्ये एकदाच तोंड घातलं. "पान्याजवळ हात कवा वर करत्यात ते तुला भोपळा बांधून शिकवलं व्हतं." मी म्हणालो, व्हय. पुढं यादीचं सांगितलं.

"म्हंजी त्यायनी तुला परत काय बोलावलं नाय."

"नाय, मामा."

मामांनी पिशवीतली मिरची वरखाली केली, एक काढून वास घेतला आणि परत ठेवली.

"शहानी मानसं दिसत्यात," ते म्हणाले.